ब्लेड, शिसपेन्सिल आणि तांब्याची तार : खंदकातल्या रेडिओच्या प्रकल्प नोंदी

13 जानेवारी 2019, रविवार

वही आज उघडली. भाचीच्या शाळेत 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन आहे. तिला ज्वालामुखी करायचा नव्हता आणि मला करू द्यायचा नव्हता. ती म्हणाली, "मामा, खरंच चालणारं काहीतरी करू या." म्हणून बरीच वर्षं मनात असलेला विषय बाहेर काढला : दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या साध्या शिपायांनी दाढीच्या ब्लेडवर बनवलेला रेडिओ.

थोडी पार्श्वभूमी. 22 जानेवारी 1944 ला दोस्त सैन्याने रोमच्या दक्षिणेला अँझिओच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवलं. पहिल्याच दिवशी सुमारे 36,000 माणसं उतरली, प्रतिकार जवळजवळ झालाच नाही. मग जर्मनांनी भोवतीच्या टेकड्या धरल्या आणि हे सैन्य त्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकून पडलं. कोंडी फुटली 23 मे रोजी. रोम हाती आलं 4 जूनला. मधले चार महिने माणसं ओल्या जमिनीत खणलेल्या, एकेका माणसापुरत्या खड्ड्यांत बसून होती. वरून तोफांचा मारा, खाली पाणी, आणि ऐकायला काहीच नाही. रोममधलं जर्मनांचं प्रचार केंद्र गाणी लावायचं, त्यामध्येच मन खचवणारं बोलायचं. दोस्तांच्या सैन्याचंही स्वतःचं केंद्र होतं. लहरी डोक्यावरून जात होत्या, त्या कानापर्यंत आणायच्या होत्या.

त्यासाठी त्यांच्याकडे होतं काय? दाढीचं ब्लेड, सेफ्टी पिन, पेन्सिल, पुठ्ठ्याची नळी, दळणवळणाच्या सामानातली तार आणि एखादा कानाला लावायचा संच. बॅटरी नाही, वीज नाही. एप्रिल 1944 मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात या रेडिओची बातमी आली तेव्हा त्यात एल्डन फेल्प्स या ओक्लाहोमाच्या शिपायाचं नाव होतं, आणि ही कल्पना आपली असं फेल्प्स पुढेही सांगत राहिला. माझं मत वेगळं आहे. लहानपणी घरी खडा-रेडिओ, म्हणजे खनिजाच्या खड्यावर बॅटरीशिवाय चालणारा रेडिओ, बनवलेली पोरं त्या सैन्यात भरपूर असणार. खडा नाही, तर त्या जागी काय चालेल, हा प्रश्न एकाच वेळी अनेक खड्ड्यांत पडला असणार.

आमचे नियम ठरले. बॅटरी नाही. तयार सुटे भाग नाहीत. शिपायाला जे मिळू शकलं असतं त्याच जातीची वस्तू वापरायची.

16 जानेवारी, बुधवार

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. अर्धी रजा टाकून गेलो. आजच्या मोबाइलचे इयरफोन या कामाला चालत नाहीत. त्यांचा रोध 32 ओहमच्या आसपास. ब्लेडमधून येणारा प्रवाह इतका क्षीण असतो की त्याला हजारो ओहमचं, हजारो वेढ्यांचं वेटोळं लागतं. तरच एवढ्याशा प्रवाहातून पडदा हलवण्याइतकं चुंबकत्व तयार होतं.

तीन तास फिरल्यावर एका गोधडीवर, तुटके दुर्बिणीचे डबे आणि पितळी नळ यांच्या मध्ये, काळ्या बेकलाइटचा जोडकानी संच दिसला. चामड्याचा पट्टा, कापडी वायर. मल्टिमीटर खिशात होताच. 3,900 ओहमच्या वर काटा गेला. विकणारे आजोबा म्हणाले, "वाजत नाही बरं का." मी म्हटलं, "वाजवतो." साडेचारशे रुपये.

घरी येऊन झाकणं फिरवून उघडली. आत गोल, पातळ लोखंडी पडदा, त्यामागे नालेच्या आकाराचं चुंबक आणि टोकांना केसासारख्या तारेची दोन वेटोळी. एका बाजूच्या पडद्याला गंज चढून तो चुंबकाला चिकटला होता. गंज बारीक पॉलिश पेपरने काढला, पडदा उलटा बसवला. वायरची टोकं जुन्या सेलला लावून काढली : टक्. दोन्ही कानांत.

परत येताना तपकीर गल्लीत थांबलो. 28 गेजची मुलामा दिलेली तांब्याची तार. रिवाइंडिंगवाले ती वजनावर देतात. 50 ग्रॅम घेतली. आम्हाला 20 ग्रॅमसुद्धा लागणार नाही, पण तुटली तर पुन्हा खेप नको.

19 जानेवारी, शनिवार

आजचा दिवस वेटोळ्याचा. पुठ्ठ्याची नळी 2 इंच व्यासाची, कापडाच्या दुकानातून आणलेल्या गुंडाळीची. आधी मेणबत्तीचं मेण पातळ करून तिला पाजलं, नाहीतर पुठ्ठा दमट हवेत फुगतो आणि वेढे सैल होतात. भाचीने नळी फिरवायची, मी तार ताणून धरायची. 120 वेढे, एकाला एक चिकटून. मधे फोन वाजला, तार सुटली, 70 वेढे उलगडले. पुन्हा पहिल्यापासून.

गणित तिच्याकडून करून घेतलं. 120 वेढ्यांची लांबी जेमतेम 49 मिलिमीटर, त्यातून सुमारे 500 मायक्रोहेन्री (वेटोळ्याची प्रेरकता या एककात मोजतात). आकाशवाणी पुणे 792 किलोहर्ट्झवर लागतं, म्हणजे लहरीची लांबी जवळपास 378 मीटर. 500 मायक्रोहेन्रीला या कंपनावर झुलवायचं तर 80 पिकोफॅरडची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, हवी. पण आमच्या एरियलचीच धारिता दीडशेच्या आसपास भरणार. म्हणजे वेढे जास्त झाले. दीडशेला 270 मायक्रोहेन्री पुरतं, ते 75-76 वेढ्यांतच मिळतं.

तरी वेढे काढले नाहीत. खड्ड्यातल्या शिपायाला एरियलची धारिता ठाऊक नव्हती, आज तार झाडावर, उद्या काटेरी कुंपणावर. तो पूर्ण नळी गुंडाळायचा आणि वरून सरकती पट्टी फिरवून जागा शोधायचा. आम्हीही तेच केलं : वेढ्यांवर एका सरळ रेषेत पॉलिश पेपर घासून मुलामा काढला. रेषा अरुंदच हवी, रुंद झाली तर शेजारच्या वेढ्यांची उघडी तार एकमेकींना टेकते. सरकती पट्टी म्हणून बेसनाच्या डब्याच्या झाकणाचा कापलेला पत्रा.

20 जानेवारी, रविवार

एरियल आणि अर्थिंग. या दोन गोष्टी लोक उरकून टाकतात आणि मग ब्लेडला दोष देतात.

22 मीटर तार, गच्चीच्या कठड्यापासून मागच्या आंब्यापर्यंत. दोन्ही टोकांना चिनी मातीच्या फुटक्या कपांचे कान बांधले, तेच आमचे इन्सुलेटर. उंची 7 मीटर भरली.

अर्थिंगसाठी पूर्वी नळाला तार गुंडाळली की काम व्हायचं. आता सगळे पाइप प्लॅस्टिकचे. शेजारच्या सुभेदार काकांना विचारलं. काका सैन्याच्या ईएमई दलात, म्हणजे यंत्रं आणि विद्युत उपकरणं दुरुस्त करणाऱ्या दलात, 28 वर्षं होते. ते मागच्या अंगणात आले, चहूकडे नजर फिरवली आणि केळीकडे बोट केलं. "न्हाणीचं पाणी कुठं जातं?" केळीच्या बुंध्याशी. "मग तिथंच ठोक. बारा महिने ओल आहे."

मीटरभर लांबीची जुनी पहार केळीच्या मुळाशी ठोकली. माती हाताला गार लागत होती. ही जागा मला सुचली नसती. मी तुळशीजवळ खड्डा काढून मीठ-कोळसा भरायच्या तयारीत होतो.

महत्त्वाचं : भाचीला सांगून ठेवलं की घरातल्या विजेच्या बोर्डाच्या कुठल्याही भोकात तार घालायची नाही, अर्थिंगच्यासुद्धा नाही. आणि ढग गडगडायला लागले की एरियल खाली.

22 जानेवारी, मंगळवार

अँझिओला आज 75 वर्षं झाली. मुद्दाम आजच ब्लेड लावायचं ठरवलं होतं.

लाकडी फळीवर ब्लेड दोन ड्रॉइंग पिनांनी बसवलं. त्याच्यासमोर सेफ्टी पिन, बुंध्याशी स्क्रूने धरलेली. पिनेच्या टोकाला पेन्सिलीचं शिसं तारेने बांधलं. जोडणी साधी : एरियल वेटोळ्याच्या एका टोकाला, सरकती पट्टी जमिनीला. एरियलच्या टोकावरून एक तार ब्लेडला. पिनेपासून कानाच्या संचात, संचाची दुसरी वायर जमिनीला.

पाऊण तास शिशाचं टोक ब्लेडवर सरकवत बसलो. काहीच नाही. कानात खोलीतली शांतता.

रात्री दहाला शहाणपणाचं काम केलं. ब्लेड काढून त्या जागी जुना जर्मेनियम डायोड लावला, ओए-79, म्हणजे ब्लेडचंच काम करणारा तयार सुटा भाग. पट्टी सरकवली आणि 74 व्या वेढ्यापाशी पुणे केंद्र स्वच्छ लागलं. नियम मोडला असं भाचीला वाटलं. तिला समजावलं : ही तपासणी आहे. आता कळलं की एरियल ठीक, जमीन ठीक, वेटोळं ठीक, कान ठीक. गणितही वेढ्या-दोन वेढ्यांच्या फरकाने बरोबर. दोष एकाच ठिकाणी उरला.

24 जानेवारी, गुरुवार

दोष पोलादात आहे. आजची दाढीची ब्लेडं गंज न चढणाऱ्या पोलादाची असतात, त्यात क्रोमियम असतं. 1944 च्या शिपायाचं ब्लेड साध्या कार्बन पोलादाचं होतं आणि कारखान्यातूनच निळसर झाक घेऊन यायचं. ती निळाई म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि या रेडिओचं सगळं मर्म त्या थरात आहे.

रेडिओची लहर पुढे-मागे, पुढे-मागे अशी सेकंदाला 7,92,000 वेळा झुलते. कानाचा पडदा इतका वेगाने हलू शकत नाही, आणि हलला तरी पुढचं-मागचं एकमेकांना खाऊन टाकतं. मधे असा दरवाजा हवा जो विजेला एका बाजूने सहज जाऊ देईल आणि उलट बाजूने अडवेल. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल जसा हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही, तसा. मग लहरीची एकच बाजू उरते आणि तिच्या कमी-जास्त होणाऱ्या जोरात निवेदकाचा आवाज असतो. ऑक्साइडचा थर आणि ग्राफाइटचं टोक जिथे अगदी हलके टेकतात तिथे असा दरवाजा तयार होतो. सगळीकडे होत नाही, एखाद्या ठिपक्यावर होतो.

खडा-रेडिओत हेच काम गॅलेना करतं, म्हणजे शिशाचं खनिज. गॅलेनाचा असा उपयोग करणाऱ्या उपकरणाचं अमेरिकन पेटंट 1904 मध्ये जगदीशचंद्र बोस यांना मिळालं होतं. भाचीला गंमत वाटली ती शब्दाची : आपण पेन्सिलीतल्या ग्राफाइटला शिसं म्हणतो, त्यात शिसं नसतंच, आणि खरं शिसं ज्यात आहे त्या खड्याची जागा इथे लोखंडाच्या निळाईने घेतली.

26 जानेवारी, शनिवार

लागला!

सकाळी सोसायटीचं झेंडावंदन आटोपून काका थेट आमच्याकडे आले, कोटावर पदकं तशीच. मी कार्बन पोलादाच्या शोधात पुठ्ठा कापायच्या कटरचं पातं आणलं होतं, ज्याचे तुकडे मोडत जातात ते. काकांनी ते बोटावर वाकवून पाहिलं, कडाक्कन मोडलं, मोडलेली कड उजेडात धरली. "हे चालेल. याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरवावं लागेल."

चिमट्यात धरून पातं गॅसच्या ज्योतीवर नाही, ज्योतीच्या वर दोन बोटं. काकांनी एकच टोक तापवलं आणि आम्हाला बघत राहायला सांगितलं. तापलेल्या टोकाकडून रंग चालत येतात. आधी गव्हाच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग मोराच्या मानेसारखा निळा, त्यामागे राखाडी. निळा साधारण 300 अंशांना येतो. ज्योत बंद करायची वेळ काकांनी घड्याळावर नाही, रंगावर ठरवली. "लोहाराचं थर्मामीटर डोळ्यात असतं." पातं पाण्यात न बुडवता फरशीवर निवू दिलं.

आता एकाच पात्यावर सगळे रंग होते. भाचीने कान लावले, मी शिशाचं टोक पिवळ्यापासून सरकवत नेलं. पिवळ्यावर काही नाही. जांभळ्यावर खर्रर्र. जांभळा संपून निळा सुरू होतो तिथे तिने माझा दंड धरला.

बॅंड वाजत होता. दिल्लीच्या संचलनाचं धावतं वर्णन चालू होतं. आवाज लांबून, विहिरीच्या तळाशी कुणी बोलावं तसा, पण प्रत्येक शब्द कळत होता. तिने संच काकांच्या हातात दिला. काका उभे राहिले. पदकांसकट, कानाला काळं बेकलाइट लावून, तुकड्या पुढे सरकेपर्यंत ते बसले नाहीत. मीही बसलो नाही.

घरात त्या क्षणी या रेडिओसाठी एक कणही वीज खर्च होत नव्हती. हडपसरला सोलापूर रस्त्यावर 'आकाशवाणी' नावाचा बसथांबाच आहे, तिथलं 100 किलोवॉटचं प्रक्षेपण. हडपसरजवळच्या मांजरी गावात, आमच्या अंगणातल्या तारेवर त्यातलं जे तसूभर पडलं, तेवढ्यावरच पडदा हलत होता. खड्ड्यातल्या रेडिओचा मोठा गुण हाच : बॅटरी संपायची भीती नाही आणि तो स्वतः काहीही बाहेर फेकत नाही. त्या काळचे काही शक्तिशाली रिसीव्हर ऐकताना स्वतःच थोडी लहर सोडत, आणि शत्रूला तिचा माग काढता येई. ब्लेडचा रेडिओ फक्त घेतो.

27 जानेवारी, रविवार

पात्यावर सुईने 40 ठिपके आखून एकेक तपासला. 6 बोलले, त्यातले 2 चांगले, आणि दोन्ही जांभळ्या-निळ्याच्या सीमेवर. राखाडी पट्ट्यात एकही नाही. दुसरं पातं तापवलं तर जागा बदलल्या, सीमा तीच.

पेन्सिल : 6बी पेक्षा एचबीचं टोक जास्त वेळ टिकलं. मऊ शिसं पात्यावर पसरतं, मग ठिपका ठिपका राहत नाही. दाब मात्र इतका हलका हवा की पिन केवळ टेकलेली असावी. दार आपटलं तरी केंद्र जातं. तोफगोळे पडत असताना हे टोक जागेवर कसं ठेवत असतील? बहुधा ठेवत नसतील. हलायचं, पुन्हा शोधायचं. त्यांना तेवढा वेळ होता, आणि मला वाटतं त्या शोधण्यातच त्यांची अर्धी रात्र बरी जात असेल.

काका मूळचे माणगाव तालुक्यातले. मी अँझिओचं सांगत होतो तर ते म्हणाले, "त्याच साली आमचे यशवंत घाडगे इटलीतच होते." खरं आहे. मराठा पलटणी अँझिओच्या किनाऱ्यावर नव्हत्या, पण त्याच मोहिमेत होत्या. 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतली माणसं मशीनगनपुढे पडली, आणि ते एकटे त्या मोर्चावर चालून गेले. वय 22. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. काका शाळेत असताना त्याच्यासमोरून जायचे.

3 फेब्रुवारी, रविवार

काम थोडं. फळीला पॉलिश. सरकत्या पट्टीखाली स्प्रिंग म्हणून जुन्या टॉर्चमधली बसवली.

काकांशी बोलताना फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विषय निघाला. 1944 च्या उन्हाळ्यात तिथल्या शेतांचे बांध, मातीचे उंच आणि वर दाट झुडपांची मुळं, रणगाड्यांना आडवे येत. रणगाडा बांधावर चढला की त्याचं पोट, पातळ पत्रा, शत्रूला दिसे. कर्टिस क्युलिन या अमेरिकन सार्जंटने जर्मनांनीच किनाऱ्यावर रोवलेल्या लोखंडी अडथळ्यांचे तुकडे कापून रणगाड्याच्या नाकाला दात जोडले. दात बांधात रुतत, नाक वर उचललं जात नसे, रणगाडा बांध फोडून सरळ पलीकडे. जुलै संपायच्या आत शेकडो रणगाड्यांना असे दात वेल्ड झाले. क्युलिनला सन्मान मिळाला तेव्हा तो सांगत राहिला की मूळ सूचना टेनेसीच्या रॉबर्ट्स नावाच्या शिपायाची होती, बैठकीत तो बोलला तेव्हा बाकीचे हसले होते.

काकांनी वेल्डिंगबद्दल चार प्रश्न विचारले. मग म्हणाले, "नाव सांगितलं ना त्यानं दुसऱ्याचं. हे कमी लोक करतात." क्युलिनबद्दल मला जो आदर आहे तो दातांपेक्षा या गोष्टीसाठी जास्त आहे.

10 फेब्रुवारी, रविवार

टेबलावर जागा उरते आहे, म्हणून दुसरी छोटी प्रतिकृती घेतली : आपोआप झडणारी रायफल. पहिलं महायुद्ध, तुर्कस्तानातलं गॅलिपोली, डिसेंबर 1915. ऑस्ट्रेलियाच्या 7 व्या बटालियनचा लान्स कॉर्पोरल विल्यम स्करी, वय 20. अ‍ॅन्झॅक आणि सुवला या तिथल्या दोन किनाऱ्यांवरून 80,000 हून जास्त माणसं गुपचूप माघारी न्यायची होती. खंदक रिकामे झाल्याचं समोरच्या तुर्की सैन्याला कळता कामा नये, म्हणजे शेवटचा माणूस निघून गेल्यावरही गोळ्या झडत राहायला हव्यात. स्करीने आपला मित्र लॉरेन्स याच्या मदतीने दोन डबे एकावर एक ठेवले. वरच्यात पाणी, तळाला बारीक भोक. खालचा रिकामा, दोरीने रायफलच्या चापाला बांधलेला. थेंब थेंब पाणी उतरतं, खालचा डबा जड होतो, चाप ओढला जातो. 20 डिसेंबरच्या पहाटेपर्यंत सगळी माणसं निघाली. स्करीला डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल मिळालं.

आमच्या प्रतिकृतीत बंदूक नाही. अडीच किलोच्या ओढीला सुटणारा लाकडी खटका, त्यावर लाकडी हातोडी, समोर पितळी ताट. डबे गोडेतेलाचे 5 लिटरचे.

भाचीला वाळू हवी होती, घड्याळातल्यासारखी. करून पाहिलं. बागेतली वाळू किंचित दमट होती, भोकापाशी कमान धरून थांबली. पाण्यावर आलो. एक इंची खिळ्याच्या भोकाने 5 मिनिटांत ताट वाजलं. दाभणाच्या भोकाने 31 मिनिटं.

17 फेब्रुवारी, रविवार

दाभणाच्या भोकाच्या तीन फेऱ्या : 31, 33 आणि 52 मिनिटं. तिसऱ्या वेळी भोकात कचरा अडकला होता.

दुपारी आई येऊन बघत उभी राहिली. म्हणाली, "ही तर गळती आहे." शंकराच्या पिंडीवर टांगतात ते अभिषेकपात्र. मग तिने सांगितलं की गळतीच्या भोकात दर्भाची काडी किंवा सुताचा धागा घालतात, पाणी त्याच्यावरून उतरतं आणि धार एकसारखी राहते. सुताचा धागा घातला, वरून फडक्याने पाणी गाळून भरलं. पुढच्या तीन फेऱ्या : 44, 45, 44.

लग्नातलं घटिकापात्रही हेच तत्त्व उलटं वापरतं : तळाला भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. प्रदर्शनाच्या तक्त्यावर गळती, घटिकापात्र आणि स्करीचे डबे अशी तीन चित्रं शेजारी काढायची असं ठरलं. आईचं नाव तक्त्यावर घालायचं, हे भाचीने स्वतःहून ठरवलं.

27 फेब्रुवारी, बुधवार

कालपासून कुणाचं लक्ष कामात नाही. काल पहाटे बालाकोट, आज हवाई चकमक, आणि आपला एक वैमानिक तिकडे पकडला गेला आहे. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान. काका दिवसभर बाहेर दिसले नाहीत.

सामान शाळेत नेऊन लावलं. शाळेच्या गच्चीवरून 18 मीटर तार, पहार मैदानाच्या नळाच्या डबक्यात. पट्टी 81 व्या वेढ्यावर आली, कारण तार लहान आहे. सरकती पट्टी ठेवली ते बरं झालं.

28 फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार, त्यामुळे नेहमीप्रमाणे दुरुस्तीसाठी वीज बंद. दिवे लावलेले प्रकल्प, मोटारवर फिरणाऱ्या सूर्यमाला, सगळं थांबलं. आमचं टेबल चालू होतं.

सुरुवातीला मुलं आली. ताट वाजलं की पुन्हा पाणी भरा म्हणून मागे लागली. मग एका शिक्षकांनी विचारलं, "यावर बातम्या लागतात का?" त्यानंतर रांग मोठ्यांची झाली. शिक्षक, शिपाईमामा, पोषण आहाराच्या ताई. एकाने एक कान, दुसऱ्याने दुसरा कान. संच एकच, म्हणून ऐकणारा मागे वळून पुढच्याला सांगायचा, तो त्याच्या पुढच्याला. भाची पिनेपाशी बसून होती. कुणाचा धक्का लागला की ठिपका हरवायचा, ती बोट न थरथरवता पुन्हा लावायची. दोन तासांत तिने तो 11 वेळा शोधला. मी मोजत होतो. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही तिने.

संध्याकाळी कळलं की वैमानिकाला उद्या सोडणार आहेत.

1 मार्च, शुक्रवार

सामान घरी आणून अंगणात जसंच्या तसं जोडलं. काका सातला आले. घरच्या टीव्हीवर सगळे एकाच वेळी बोलत आहेत, म्हणाले, त्यातलं काही कळत नाही. केळीजवळ खुर्ची टाकून दिली. त्यांनी संच कानाला लावला.

मधून मधून मी बघायचो. ते मान हलवायचे : अजून नाही.

साडेआठला पिन हलली. त्यांनी मला हाक मारली नाही. चष्मा वर करून, टॉर्च दातांत धरून, स्वतः शिशाचं टोक जांभळ्या-निळ्याच्या सीमेवर आणलं. ठिपका लागल्यावर भाचीकडून नखाचं पॉलिश मागून घेतलं आणि पात्यावर त्या जागेशेजारी लाल खूण केली.

2 मार्च, शनिवार

काल रात्री नऊ वाजून गेल्यावर तो वैमानिक अटारीला सीमेच्या अलीकडे आला. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं, काकांनीही.

आज सकाळी उठून बघतो तर काका आधीच अंगणात. संच कानाला, डोळे मिटलेले, सकाळच्या बातम्या चालू. मला पाहून त्यांनी एक कान सोडवला आणि माझ्याकडे धरला.

केळीच्या बुंध्याशी पहारेची तार सैल झाली होती. ती आवळली. आवाज थोडा वाढला.